‘बाहेर पडलाच कशाला?’ : हिमवादळाच्या याद्या आणि हिमवादळाच्या गोष्टी

शिकायला किंवा नोकरीला अमेरिकेत गेलेल्या माझ्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर हिवाळ्यात एक यादी फिरते. हिमवादळ येणार असेल तर काय करावं, याची. तीन दिवस पुरेल इतकं पाणी आणि न शिजवता खाता येईल असं अन्न. टॉर्च, बॅटऱ्या, औषधं. गाडीत पांघरूण, फावडं आणि भडक रंगाचं कापड. अडकलात तर गाडी सोडून चालत सुटू नका. आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरात: गरज नसेल तर बाहेर पडू नका.

पुण्यात बसून मला या यादीचा काडीचा उपयोग नाही. तरी मी ती शेवटपर्यंत वाचते. मला अशा याद्या वाचायला आवडतं. कथा-कादंबऱ्यांसारखा त्यांचाही एक घाट असतो. त्या नेहमी आज्ञार्थात बोलतात, नेहमी ‘तुम्हा’ला उद्देशून असतात, आणि त्यांना भूतकाळ नसतो. आपण साहित्य म्हणून त्या वाचत नाही इतकंच.

यादीनंतर बातम्या येतात. कोण गाडीत सापडलं, कोण रस्त्यावर. त्या बातम्यांखाली हमखास एक वाक्य असतं. भाषा कुठलीही असो, वाक्य तेच: सांगितलं होतं ना, मग बाहेर पडलाच कशाला? मेलेल्या माणसाची ही एका ओळीतली समीक्षा असते. हे वाक्य आपण कुठे शिकलो, हे बघायला मी हिमवादळाच्या आणि जीवघेण्या थंडीच्या काही गाजलेल्या गोष्टी पुन्हा वाचल्या. माझं म्हणणं असं, की यातल्या काही गोष्टी हा प्रश्न आपल्या तोंडात घालतात आणि काही तो विचारणं अवघड करून ठेवतात. दुसऱ्या प्रकारच्या गोष्टी मला जास्त मोठ्या वाटतात.

*

आधी यादीबद्दल न्यायाने बोलू. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेची हिमवादळाची व्याख्या वाचली तेव्हा मी चकित झाले. त्यात तापमानाचा उल्लेख नाही. नवा बर्फ पडलाच पाहिजे असंही नाही. वारा किंवा वारंवार येणारे झोत ताशी ५६ किलोमीटर किंवा त्याहून जास्त, हवेत उडणाऱ्या बर्फामुळे साधारण ४०० मीटरपलीकडचं दिसेनासं, आणि हे सलग ३ तास. झालं हिमवादळ. म्हणजे व्याख्येच्या मुळाशी थंडी नाही, आंधळेपण आहे. जमिनीवर पडलेला जुना बर्फ वाऱ्याने उचलला तरी पुरे. अशा वादळात माणूस स्वतःच्या दारापासून पन्नास पावलांवर हरवू शकतो.

हे कळल्यावर यादीतली प्रत्येक ओळ वेगळी दिसायला लागते. गाडी सोडू नका, कारण चालणारा माणूस सरळ रेषेत चालतोय असं समजत गोल फिरतो, आणि शोधायला येणाऱ्यांना माणसापेक्षा गाडी लवकर दिसते. इंजिन तासाला दहाएक मिनिटंच चालवा, खिडकी किंचित उघडी ठेवा, आणि त्याआधी धुराच्या नळीपुढचा बर्फ काढा. नळी बुजली तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत भरतो. त्याला वास नाही, रंग नाही. ऊब आली म्हणून डोळा लागतो आणि उघडत नाही. जनरेटर किंवा कोळशाची शेगडी घरात लावू नका, तेही याचमुळे. दारू पिऊ नका. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम वाटतं, पण शरीराची खरी ऊब त्याच वाटेने बाहेर जाते. बर्फ उपसताना दमाने घ्या. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, त्यात ओला जड बर्फ फावड्याने उचलायचा म्हणजे हृदयावर दुहेरी भार. घामाने भिजू नका, कारण ओला कपडा ऊब धरत नाही. कुणी अडखळायला, बरळायला लागलं तर ते दमलेत असं समजू नका, त्यांचं शरीर आतून गार होतंय. आणि थरथर थांबली, तर ते बरं होण्याचं लक्षण असेलच असं नाही.

यातली एकही ओळ कुणी टेबलावर बसून सुचवलेली नाही. प्रत्येकीमागे कुणीतरी मेलंय. यादी म्हणजे मेलेल्यांचा अनुभव, त्यांची नावं पुसून, जिवंतांसाठी लिहिलेला. मला यात एक प्रकारचं मोठेपण दिसतं.

पण नावं पुसताना आणखी एक गोष्ट पुसली जाते: तो माणूस तिथे का होता. यादीतल्या ‘तुम्हा’ला घर आहे, गाडी आहे, तीन दिवसांचं सामान एकदम भरायला पैसे आहेत, आणि उद्या आला नाहीस तरी चालेल असं म्हणणारा साहेब आहे. ‘गरज नसेल तर’ या तीन शब्दांत सगळी गोम आहे. गरज कोण ठरवणार, याबद्दल यादी गप्प असते.

*

जॅक लंडनची ‘टू बिल्ड अ फायर’ ही कथा बर्फातल्या मरणाच्या चर्चेत कायम पहिली येते. खरं तर तिच्यात हिमवादळ नाहीच. वारा नाही, आकाश निरभ्र आहे. फक्त शून्याखाली ७५ अंश फॅरनहाइट, म्हणजे उणे ५९ सेल्सिअस थंडी आहे, एक माणूस आहे आणि त्याचा कुत्रा आहे. क्लॉन्डाइकच्या प्रदेशात तो सोबत्यांच्या तळाकडे एकटा निघालाय. सल्फर क्रीकवरच्या एका म्हाताऱ्याने त्याला सांगितलेलं असतं, की उणे ५० च्या खाली एकट्याने प्रवास करू नये. तो मनातल्या मनात हसतो. मग त्याचे पाय बर्फाखालच्या पाण्यात भिजतात. तो शेकोटी पेटवतो, पण झाडाखाली. फांद्यांवरचा बर्फ कोसळतो आणि शेकोटी विझते. बोटं बधिर. शेवटी सगळ्या काड्या एकदम पेटवतो. त्यानेही काम होत नाही.

ही कथा लंडनने दोनदा लिहिली. पहिली १९०२ साली, मुलांच्या मासिकासाठी. तिच्यातल्या माणसाला नाव आहे, टॉम व्हिन्सेंट. तो भिजतो, घाबरतो, कसाबसा शेकोटी पेटवतो, वाचतो आणि धडा शिकतो: एकट्याने जाऊ नये. दुसरी १९०८ सालची. तिच्यात नाव गेलं, कुत्रा आला, माणूस मेला. सगळे दुसरीलाच श्रेष्ठ म्हणतात आणि ते बरोबर आहे. बोटांना काडी धरता न येणं, आपला हात आपल्यालाच डोळ्यांनी बघून शोधावा लागणं, घाबरून पळत सुटणं, आणि मग सुखद वाटणारी झोप: थंडीने माणूस कसा मरतो याचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

पण या कथेबद्दल एक तक्रार आहे. १९०२ ची कथा आणि १९०८ ची कथा दिसायला एकमेकींच्या उलट, पण आतून एकच आहेत. पहिलीत यादी पाळायला शिकलेला माणूस वाचतो, दुसरीत न पाळणारा मरतो. मरताना तो मनाशी कबूल करतो, की म्हातारा बरोबर होता. म्हणजे कथेचा शेवटचा निकाल यादीच्या बाजूने लागतो. ‘निसर्गापुढे माणूस क्षुद्र’ असा या कथेचा अर्थ सांगतात. मला ती निसर्गाची कमी आणि नियमपुस्तिकेची जास्त वाटते. नियम क्रमाने मोडले जातात, शिक्षा क्रमाने होते.

आणि तो तिथे का होता? लंडन हे सांगतो, पण जेमतेम. युकॉनमधल्या बेटांवरून वसंत ऋतूत लाकडाचे ओंडके काढता येतील का, ते बघायला तो वाकडी वाट करून आलेला असतो. कथेत हे एका ओझरत्या उल्लेखात येऊन जातं. लाकूड कुणासाठी, फायदा कुणाचा, आजच का, थांबला असता तर काय बुडलं असतं, काही नाही. या माणसाला कल्पनाशक्ती नव्हती असं लेखक सुरुवातीलाच सांगून टाकतो आणि मग सगळा दोष त्या कमतरतेवर जातो. वाचक म्हणून आपण शहाण्या म्हाताऱ्याच्या बाजूला जाऊन बसतो. ती जागा फार उबदार आहे.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्याकडे मोठी यंत्रणा बंद पडली की नंतर तपास लिहायचा असतो, आणि चांगल्या टीममध्ये त्याचा पहिला संकेत असा, की ‘माणसाची चूक’ हे मूळ कारण म्हणून लिहायचं नाही. कुणीतरी चुकीची आज्ञा टाइप केली असेलच. पण ती टाइप करता आली कशी, त्या वेळी त्याला समोर काय दिसत होतं, घाई कुणी लावली होती, हे विचारायचं. लंडनची कथा म्हणजे ‘माणसाची चूक’ असं लिहून बंद केलेला तपास आहे. लिहिलाय अप्रतिम, पण बंद केलाय.

*

टॉलस्टॉयची ‘मास्टर अँड मॅन’, म्हणजे मालक आणि नोकर, ही दीर्घकथा १८९५ सालची. तरुणपणी कॉकेशसहून परतताना टॉलस्टॉय स्वतः रात्रभर हिमवादळात भरकटला होता. त्यावर त्याने १८५६ साली एक कथा लिहिलीही होती. चाळीसएक वर्षांनी तो पुन्हा त्याच वादळात शिरला, पण आता त्याला रस्त्यापेक्षा व्यवहार जास्त दिसत होता.

व्यापारी वासिली आंद्रेइच याला शेजारच्या जमीनदाराचं जंगल विकत घ्यायचंय. शहरातले व्यापारी पोचायच्या आत सौदा करायचाय. खिशातल्या पैशांत बराचसा पैसा देवळाचा आहे, जो त्याच्याकडे सांभाळायला आहे. बायकोच्या आग्रहामुळे तो नोकराला, निकिताला, सोबत घेतो. निकिताची मजुरी वर्षाला ८० रूबल व्हायला हवी, पण वासिली देतो ४० च्या आसपास, तेही थोडे थोडे, बरेचसे स्वतःच्या दुकानातल्या महाग मालाच्या रूपात. मालकाच्या अंगावर एकावर एक दोन फरचे कोट. नोकराच्या अंगावर फाटका, विरलेला. वादळ अजून नीट सुरूही झालेलं नाही आणि कोण किती वेळ तगेल, हे वेतनाच्या हिशोबात ठरून गेलंय. यादीत ‘पुरेसे गरम कपडे घाला’ असं वाचताना मला आता हा हिशोब आठवतो.

त्यांची वाट चुकते. ग्रिश्किनो नावाच्या गावात ते दोनदा येऊन पडतात. दुसऱ्यांदा एका सधन शेतकऱ्याच्या घरी थांबतात. चहा होतो. घरातला म्हातारा म्हणतो, रात्र इथेच काढा. हीच ती जागा, जिथे यादी म्हणते ‘थांबा’. वासिली म्हणतो, काम आहे. निकिता गारठलेला असतो, त्याला जायची जराही इच्छा नसते. पण स्वतःची इच्छा नसण्याची त्याला इतक्या वर्षांची सवय झालेली असते, की तो काही बोलत नाही. उठतो आणि निघतो.

‘बाहेर पडलाच कशाला’ या प्रश्नाचं उत्तर मला इतक्या कमी जागेत दुसऱ्या कुठे सापडलेलं नाही. निकिताला सगळी यादी पाठ आहे. घोडा कुठे वळतोय हे त्याला मालकापेक्षा जास्त कळतं. त्या घरात वासिली वोडका घेतो, निकिता घेत नाही, कारण त्याने दारू सोडलीय. प्यायची इच्छा दाबताना त्याची जी ओढाताण होते ती टॉलस्टॉय नीट दाखवतो. गाडी एका घळीत अडकल्यावर निकिता घाबरत नाही. घोड्याला सोडवतो, पांघरूण घालतो. बर्फावरून घसरत जाणाऱ्या त्या गाडीच्या दांड्या वर उभ्या करून त्यांना रुमाल बांधला जातो, म्हणजे बर्फाने गाडी झाकली तरी लोकांना जागा कळेल. आजच्या यादीतही हेच आहे: गाडीच्या अँटेनाला भडक कापड बांधा. गाडी सोडून जाऊ नये हेही कथेत आहे. वासिली एकटाच घोड्यावर बसून निघतो, गोल फिरतो, बर्फातून वर आलेलं तेच सुकं झुडूप त्याला पुन्हा दिसतं, आणि शेवटी तो गाडीपाशीच येऊन पोचतो. हिमवादळातल्या माणसाच्या गोल फिरण्याची भीती टॉलस्टॉयने एका झुडपावर उभी केलीय. लंडनच्या काड्यांइतकीच ती अंगावर येते.

म्हणजे नियम माहीत असणं आणि नियम पाळायची मुभा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्ञान नोकराकडे आहे, निर्णय मालकाकडे. लंडनच्या कथेत हे दोन्ही एकाच माणसात कोंबलेत, म्हणून तिथे ताण फक्त माणूस आणि थंडी यांच्यात राहतो.

शेवट सगळ्यांना माहीत आहे. परत आलेला वासिली गारठत चाललेल्या निकिताच्या अंगावर आपले कोट उघडून आडवा होतो आणि त्याला ऊब देत स्वतः मरतो. त्याच्या डोक्यात प्रकाश पडतो, मी आणि निकिता वेगळे नाही असं त्याला वाटतं. दुसऱ्या दिवशी दुपारी गावकरी बर्फातून वर आलेल्या दांड्या आणि रुमाल बघून दोघांना उकरून काढतात. निकिताची पायाची तीन बोटं जातात, पण पुढे तो वीस वर्षं जगतो.

हा शेवट मला हलवतो आणि खटकतोही. मालक नोकराला ज्या संकटातून वाचवतो, त्या संकटात त्याला त्यानेच ढकललेलं असतं. साक्षात्कार मालकाला मिळतो, तोही कित्येक पानं. नोकराची उरलेली वीस वर्षं एका परिच्छेदात आटोपतात. बाकीचे ४० रूबल कधी मिळाले का, हा प्रश्न त्या प्रकाशात दिसेनासा होतो. पण टॉलस्टॉयची थोरवी अशी, की त्या प्रश्नाला लागणारी सगळी माहिती त्याने स्वतःच पहिल्या काही पानांत देऊन ठेवलीय. शेवट न पटण्याचा अधिकार आपल्याला कथेनेच दिलेला असतो.

*

लॉरा इंगल्स वाइल्डरची ‘द लाँग विंटर’ ही १९४० सालची कादंबरी तयारीच्या बाजूने लिहिलेली आहे. १८८०-८१ चा हिवाळा, डाकोटा टेरिटरीतलं डी स्मेट हे नवं गाव. वादळामागून वादळ येतं, रेल्वे बंद पडते, कोळसा संपतो. कुटुंब वाळलेलं गवत पिळून पिळून त्याच्या कांड्या करतं आणि त्या जाळतं. गहू कॉफीच्या चक्कीत दळायचा. चक्की इतकी छोटी, की घरातल्या कुणीतरी सतत दळत बसायचं. बाबा कपडे वाळत घालायच्या दोरीला धरून तबेल्यापर्यंत जातात. शाळेतून परतताना मुलं वाट चुकतात आणि लॉरा गावातल्या शेवटच्या इमारतीवर आदळते म्हणून वाचतात. दोन हात बाजूने गेली असती तर पुढे मोकळं माळरान होतं.

हे पुस्तक ‘स्वावलंबी कुटुंबाची’ गोष्ट म्हणून प्रसिद्ध आहे. त्याच्या संपादनात लॉराच्या मुलीचा, रोझ वाइल्डर लेनचा, मोठा हात होता, आणि सरकारी मदतीबद्दल रोझचा राग जगजाहीर होता. पण पुस्तकातले तपशील पुस्तकाच्या विचाराचं ऐकत नाहीत. हे कुटुंब जगतं कशावर? शेजारच्या आल्मान्झोने बियाण्याचा गहू खोट्या भिंतीआड लपवलेला असतो. बाबांना ते कळतं. ते सरळ जाऊन भिंतीतलं बूच काढतात आणि बादली भरून घेतात. पुढे आल्मान्झो आणि कॅप गारलँड जीव धोक्यात घालून दूरच्या एका शेतकऱ्याकडून गावासाठी गहू आणतात. तो बुशेलला सव्वा डॉलरने घेतलेला. दुकानदार लॉफ्टस तो ३ डॉलरने विकायला काढतो. गावकरी दुकानात जमतात. बाबा त्याला शांतपणे सांगतात, तू तुझा माल हवा तसा विकायला मोकळा आहेस, पण हिवाळा संपल्यावर आम्हीही मोकळे असू. दुकानदार नमतो आणि खरेदीच्या भावाने गहू देतो.

माझ्या मते हे कादंबरीतलं सर्वोत्तम प्रकरण आहे, कारण तयारी हा एकेका कपाटाचा मामला नसून गावाचा मामला आहे, हे तिथे उघड होतं. आणखी एक गोष्ट पुस्तकाबाहेर कळते. त्या हिवाळ्यात इंगल्स कुटुंबाच्या घरी मास्टर्स नावाचं एक जोडपं आणि त्यांचं तान्हं बाळही राहत होतं. लॉराने त्यांना कादंबरीतून काढून टाकलं, कारण ते असते तर एकट्या कुटुंबाच्या झुंजीचं चित्र बिघडलं असतं. लेखिका म्हणून तिला तो हक्क आहे. पण बर्फाच्या गोष्टींतून माणसं वगळली की काय उरतं ते इथे दिसतं: एक यादी, आणि तिला चिकटलेला अभिमान.

*

त्याच माळरानावर सात वर्षांनी, १२ जानेवारी १८८८ रोजी, जे वादळ आलं ते ‘मुलांचं हिमवादळ’ म्हणून ओळखलं जातं. सकाळ कधी नव्हे ती उबदार होती. मुलं जाड कोट न घालता शाळेत गेली. दिवसा अचानक भिंतीसारखं वादळ आलं. डाकोटा, नेब्रास्का, मिनेसोटा मिळून मृतांचा आकडा साधारण २३५ सांगितला जातो. मिनी फ्रीमन या तरुण शिक्षिकेने मुलांना सुखरूप नेलं, तिच्यावर गाणं निघालं. तिने मुलांना दोरीने बांधून नेलं ही दंतकथा खरी की खोटी यावर वाद आहे, पण लोकांना ती दोरी हवीच होती. यादीत बसणारी गोष्ट लक्षात राहते.

डेव्हिड लास्किनच्या ‘द चिल्ड्रन्स ब्लिझर्ड’ (२००४) या पुस्तकाने दोरीपलीकडे बघितलं. तेव्हा हवामानाचा अंदाज लष्कराचं सिग्नल कोअर द्यायचं. थंडीच्या लाटेची खूण म्हणून पांढऱ्या कापडावर मधोमध काळा चौकोन असलेला झेंडा लावायचे. पण झेंडा लागणार तार पोचते तिथे, आणि शाळा होत्या उघड्या माळावर. इशारा कुणी, कधी, कोणत्या शब्दांत दिला आणि तो कुठपर्यंत पोचू शकत होता, हा लास्किनच्या पुस्तकाचा सगळ्यात भक्कम भाग आहे. कच्चा भाग तो, जिथे तो गोठणाऱ्या मुलांच्या शेवटच्या तासांत शिरतो आणि त्यांना काय वाटलं असेल ते सांगायला लागतो. शरीरशास्त्र खरं असेल, पण त्या मुलांचं मन त्याच्याकडे नाही. टॉलस्टॉयला तो परवाना आहे, कारण वासिली त्याने घडवलाय.

‘इशारा पोचलाच नाही’ ही अडचण आज संपली असं वाटू शकतं. डिसेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोत हवामान खात्याने कित्येक दिवस आधी सांगितलं होतं. फोन सगळ्यांच्या हातात होते. २३ डिसेंबरला वादळ आलं, विमानतळावर सलग ३७ तास हिमवादळाची स्थिती टिकली, चार फुटांहून जास्त बर्फ पडला. अग्निशामक गाड्या आणि बर्फ काढणारी यंत्रं स्वतःच अडकली. ४० हून जास्त माणसं गेली: काही गाडीत, काही रस्त्यावर, काही वीज गेलेल्या गार घरात, काही बर्फ उपसताना. प्रवासबंदी लागू झाली शुक्रवारी सकाळी साडेनऊला. तोवर सकाळच्या पाळीची माणसं कामावर निघून गेली होती. शहरात काळ्यांची वस्ती साधारण एक तृतीयांश, पण शहरातल्या मृतांमध्ये ते निम्म्याहून जास्त होते.

आणि प्रश्न तोच आला: सांगितलं होतं ना?

हा प्रश्न आपल्याला परका नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी गाड्यांच्या बंद काचांआड माणसं गेली. तेव्हाही नंतर याद्या आल्या: गाडीत हातोडी ठेवा, पाणी चढलं तर आधी काच उघडा. उपयोगी याद्या आहेत, मी पाठ केल्यात. पण मोठ्या पावसाचा इशारा आला की आजही पुण्या-मुंबईत सकाळी सात वाजता लाखो लोक फोनकडे बघत असतात ते ढगांसाठी नाही. ऑफिसचा मेसेज आलाय का, ते बघत असतात. आणि ज्यांना असा मेसेज कधीच येत नाही, ते डिलिव्हरीवाले, वॉचमन, आया, नर्स, ते तोवर घराबाहेर पडलेले असतात. त्यांच्यापैकी कुणाला कल्पनाशक्ती कमी नसते.

म्हणून लंडनची कथा शिकवावी, पण टॉलस्टॉयच्या शेजारी ठेवून. एकीतून काडी कशी धरावी ते कळतं, दुसरीतून ती धरायची वेळ कुणी आणली ते. वाइल्डर वाचताना भिंतीतल्या बुचाकडे आणि लॉफ्टसच्या दुकानाकडे लक्ष ठेवावं. आणि यादी? यादी जरूर पाळावी, आईबाबांना पाठवावी, तिकडच्या मित्रांना धुराच्या नळीची आठवण करून द्यावी. फक्त तिच्यात आणखी दोन ओळी हव्यात, ज्या कुठल्याही हवामान खात्याच्या यादीत मला अजून सापडलेल्या नाहीत. एक: बंदी आदल्या रात्री जाहीर करा, पहिली पाळी निघण्याआधी. दोन: जो येणार नाही त्याचा दिवस कापू नका. या ओळीही आज्ञार्थातच आहेत. त्यांतला ‘तुम्ही’ तेवढा वेगळा आहे.